रडकं तोंड

घानातल्या कुमासीच्या बाजारात चपला शिवणाऱ्या बादूला एका व्हिडिओवाल्याने सांगितलं, "मामा, तुम्हाला कॅनडाचा व्हिसा लागलाय!" कागदही हातात दिला. बादूने भर रस्त्यात गुडघे टेकले, देवाचे आभार मानले, बायकोला फोन लावला. मग तो पठ्ठ्या खिदळला, "मामा, खोटा आहे तो! तिकडे बघा, कॅमेरा!"

बादू कॅमेऱ्याकडे बघून ओक्साबोक्शी रडला.

त्या रडक्या तोंडाचं कुणीतरी स्टिकर केलं आणि ते घानाभर पसरलं. आमच्या चर्चच्या गायकांच्या ग्रुपवर तर नुसता ऊत आला. वीज गेली, पाठव बादू. पेनल्टी हुकली, पाठव बादू. बादू आमच्यातच गायचा, त्याच ग्रुपवर होता, पण लाज कुणाला? एकदा त्याने लिहिलं, "बंधुभगिनींनो, एवढं थांबवा. पोरीला शाळेत चिडवतात."

"अरे, गंमत आहे रे! मनाला काय लावून घेतोस?" आमच्यातल्या सगळ्यात देवभोळ्या सेर्वा मावशींनी त्याला समजावलं. "फुकटात प्रसिद्ध झालास की!"

त्यानंतर बादूने ग्रुपवर काही लिहिलं नाही. गायलाही आला नाही.

परवा ग्रुपवर पाद्रीबाबांचा निरोप आला, "आपला बादू आज पहाटे झोपेतच देवाघरी गेला. त्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करा."

सेर्वा मावशींना दुःखाने शब्दच सुचेनात, म्हणून त्यांनी बादूचं स्टिकर पाठवलं.