लाल दोरी, पिवळी दोरी

“राहू दे, मी करते,” विंका म्हणाली.

“तू कशाला? मी करतो की,” फ्राने म्हणाला.

तीस वर्षांच्या संसारात या नवराबायकोने एकमेकांच्या हातचं काम असं कधी ओढून घेतलं नव्हतं. धक्क्यावर शेजारी मारिन आपल्या होडीचा तळ खरवडत बसला होता. त्याचाही हात थांबला.

“काय फ्राने, नव्या दोऱ्या वाटतं?” मारिन म्हणाला. “मोजून ठेव हो. मी इथेच आहे.”

फ्रानेने पाठ फिरवली. तो दोन वर्षं मारिनशी बोलत नव्हता. त्याच्या मोपेडमागचा सामान आवळायचा रबरी पट्टा, हिरवा रंग सांडलेला, जूनमध्ये संत आन्तेच्या सणाला नाहीसा झाला; कुठे गेला असं विंकाने विचारताच त्याने भर चौकात मारिनला चोर ठरवलं. पुरावा वगैरे असल्या फालतू गोष्टींत तो पडला नाही.

काम तसं साधंच होतं. बेटाची शिडाच्या होड्यांची शर्यत सलग दोन वर्षं जिंकल्याबद्दल क्लबाने त्यांना नव्याकोऱ्या दोऱ्या बक्षीस दिल्या होत्या. संध्याकाळी अध्यक्ष फोटोला येणार होते, त्याआधी त्या होडीत ओवायच्या होत्या. उद्या तिसऱ्यांदा जिंकले की चषक कायमचा घरी. बक्षीस मिळालं की माणसं खूश होतात. या दोघांची तोंडं मात्र कडू कारलं खाल्ल्यासारखी झाली होती.

दोऱ्या दोन. लाल फ्रानेची, ती ताणली की मोठ्या शिडाचं पोट सपाट होतं. पिवळी विंकाची; ती डोलकाठी जराशी पुढे-मागे करते. दोन्ही दोऱ्या होडीच्या टोकाशी फळीखाली एकेका कप्पीतून जातात. तिथे पोचायचं तर पालथं पडून एका अरुंद भोकात डोकं आणि हात घालावे लागतात.

शेवटी निकाल फ्रानेच्या कमरेने लावला. मंगळवारपासून ती धरली होती. तो वाकायला गेला आणि तिथेच कण्हला.

“जा मग. पण नुसत्या दोऱ्या बदल. आत फार बघत बसू नकोस.”

“का? सोनं पुरून ठेवलंयस का तिथे?” विंका म्हणाली आणि पालथी पडली. तिचा जीव मात्र भांड्यात पडला होता. आत काय आहे ते तिला ठाऊक होतं.

या दोन विजयांच्या आधी नऊ वर्षं ही दोघं शेवटून पहिली यायची. पाण्यावरून आवाज लांब जातो. शर्यतीच्या दिवशी लोक कॉफीचे कप घेऊन धक्क्यावर जमायचे ते शिडं बघायला नव्हे, यांचं भांडण ऐकायला. तो मिनिटा-मिनिटाला लाल ओढायचा, ही किंचाळायची. ही पिवळी सोडायची, तो किंचाळायचा. नवव्या वर्षी विंकाने सांगून टाकलं, “आणखी एक शर्यत अशी झाली, तर मी होडीतूनच नाही, घरातूनही उतरेन. झादारला बहिणीकडे जाईन.” नुसती धमकी नव्हती ती. तिने माळ्यावरची बॅग काढून पुसून ठेवली होती.

मग ईस्टरच्या आठवड्यात एका दुपारी ती गुपचूप होडीवर आली. लाल दोरीचं शिडाकडचं टोक तिने आतल्या खुंटीला पक्कं बांधलं. फ्रानेच्या हातात येणारी लाल दोरी मात्र नुसत्या एका रबराला अडकवली. ओढली की ताणते, सोडली की मागे जाते. नवऱ्याला आणखी काय लागतं?

त्या उन्हाळ्यात ते जिंकले. फ्राने लाल ओढून ओढून घामाघूम व्हायचा आणि म्हणायचा, “बघ, अनुभव लागतो.” विंका आपली पिवळी अलगद सैल करायची आणि मनात हसायची. होडी कोण चालवतंय याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

आता तिने छोटा टॉर्च दातांत धरला आणि आधी आपली पिवळी चाचपली. ती कप्पीपर्यंत पोचतच नव्हती. डोलकाठीकडचं टोक खुंटीला बांधलेलं होतं आणि विंकाच्या हातात येणारी दोरी एका काळ्या रबरी पट्ट्याला. पट्ट्याच्या टोकांना मोपेडला अडकवायचे आकडे होते. त्यावर हिरवा रंग सांडलेला होता.

विंकाच्या कानशिलांत आग झाली. दोन वर्षं ती वाऱ्यावर डोळे रोखून, श्वास धरून, मोपेडच्या पट्ट्याशी खेळत होती. तोंडात शिवी आली, पण तिथे आधीच टॉर्च होता. मान फिरवताना उजेड लाल दोरीवर पडला.

ईस्टरला तिने घाईत एकच गाठ मारली होती. आता त्या गाठीवर आणखी तीन गाठी होत्या, एकावर एक. कचऱ्याच्या पिशवीलाही तीन गाठी मारणारा माणूस तिच्या ओळखीत एकच होता.

म्हणजे जूनमध्ये पट्टा बांधायला आला, तेव्हाच त्याने हे बघितलं होतं. आपली लाल दोरी मेलेली आहे हे त्याला कळलं होतं. बायकोची गाठ त्याने सोडवली नाही, घट्ट केली. आणि दोन उन्हाळे ती मेलेली दोरी ओढत घाम गाळत राहिला. ती पुसलेली बॅग त्यानेही पाहिली होती तर.

मग इतके दिवस होडी चालवत कोण होतं? कोणीच नाही. म्हणून तर ती जिंकत होती.

विंकाला हसू आलं, आणि डोळेही भरून आले. तिने नवी लाल दोरी जुन्याच रबराला बांधली. नवी पिवळी स्वतःच्या हाताने मोपेडच्या पट्ट्याला बांधली. दोन्हींवर तीन-तीन गाठी मारल्या आणि ती सरपटत बाहेर आली.

फ्राने कंबर धरून उभा होता. चेहरा पार उतरला होता.

“इतका वेळ? सगळं… जागच्या जागी आहे ना गं?”

“जागच्या जागी आहे,” विंका गुडघे झटकत म्हणाली. “तू आता तेवढी मारिनची माफी मागून ये.”