कैरोच्या वेळेप्रमाणे

"नाक अजून जाड हवं," रबाब स्वतःशीच म्हणाली आणि तिने पडद्यावरच्या नाकावर आणखी थोडं मांस चढवलं. हिरवा मफलर झाला होता, सोन्याचा दात झाला होता. आता हा बदरी नव्हेच, असं म्हणायची गावात कुणाची छाती नव्हती.

मागे मिद्हत उभा होता. कैरोतला हा स्टुडिओ त्याचा, पैसा एका बँकेचा. रमजानभर टीव्हीवर रोज एक कार्टून, लोकांना पैशाचं शहाणपण शिकवायला. भिशी कशी लावावी, सोनं कधी घ्यावं, ठेव कुठे ठेवावी, असलं सगळं.

"हा कोण महाभाग?" त्याने विचारलं.

"आमच्या गावचा, तिकडे दक्षिणेला केनाकडचा. गुरांच्या धंद्यात लावतो म्हणून लोकांचे पैसे घेतो आणि महिन्याला नफा वाटतो. याची टोपी त्याला, त्याची टोपी याला."

"नाव घेऊ नकोस म्हणजे झालं."

"नाव कशाला? माझ्या आईने तोंड ओळखलं की पुरे."

रबाबची आई फौकिया गावी एकटीच राहायची. नवऱ्यामागे राहिलेला जमिनीचा तुकडा तिने विकला होता. आलेले पाउंड कपाटात, रजयांच्या खाली. म्हातारपणाला तेवढाच आधार, दुसरं काही नाही. आणि ते सगळे बदरीकडे ठेवायचा शब्द ही बाई देऊन बसली होती!

रबाबने फोनवर डोकं फोडून घेतलं. समजावलं, रडली, भांडलीसुद्धा. आईचं एकच.

"तू कार्टून काढणारी. तुला व्यवहारातलं काय कळतं गं? टीव्हीवाल्यांनी सांगितलं तर एक वेळ ऐकीन."

पोटच्या पोरीपेक्षा टीव्हीवर भरवसा. आता काय बोलायचं अशा माणसापुढे? म्हणून रबाबने हा भाग मिद्हतकडून हट्टाने मागून घेतला होता.

"सुरुवातीलाच त्याला बेड्या घाल," मिद्हत म्हणाला. "लोकांना धीर नसतो."

"छे! तो लोकांना असा भेटतच नाही. तो हसत येतो, म्हातारीचा हात हातात घेतो, नफा मोजून देतो. आधी लोकांना आवडू दे. मग शेवटी सगळ्यांचं गोळा करून पळताना दाखवते, आणि म्हातारी उंबऱ्यात ऊर बडवताना. तेव्हा लागेल काळजाला."

मिद्हतला पटलं. चॅनेलवाल्यांशी हुज्जत घालून त्याने जागाही मोक्याची मिळवली. संध्याकाळच्या अजानच्या अगदी तोंडावर, जेव्हा सगळा देश हातात खजूर धरून टीव्हीपुढे बसलेला असतो. कार्टून संपलं की लगेच अजान.

त्या दिवशी रबाबने आईला दुपारीच बजावलं, "आजचं चुकवू नकोस. एकदाच लागणार आहे." संध्याकाळी स्टुडिओत सगळ्यांनी मिळून कार्टून पाहिलं. म्हातारी रडली तेव्हा चहावाल्या बाईनेही डोळे पुसले. मग अजान झाली. रबाबने कसाबसा एक खजूर तोंडात टाकला आणि फोन लावला.

"पाहिलंस?"

"पाहिलं म्हणजे काय! सगळी आळी आपल्याकडे लोटली होती. अगं, हुबेहूब बदरी! तो दात, तो मफलर! शेजारची निमत तर किंचाळलीच. तू जेवलीस का? आमचा तर चहासुद्धा झाला."

"जेवेन गं. मग, पटलं आता?"

"पटलं बाई. इतके दिवस जिवाला घोर होता, तुझं ऐकू की त्याचं. आज मन निवळलं. उद्या सकाळीच त्याच्याकडे जाते आणि काय तो निकाल लावून टाकते. अल्ला तुझ्या हातांना यश देवो, पोरी."

रबाबने फोन ठेवला आणि सूप समोर तसंच ठेवून ती रडत बसली. आनंदानेच रडली. मिद्हतने तिच्या पुढ्यात पाण्याचा पेला सरकवला.

ईदला ती डबाभर कहक, म्हणजे ईदची बिस्किटं, घेऊन गावी आली, तर आळीच्या तोंडाशीच गर्दी. बदरीच्या घराला कुलूप होतं. गोठा रिकामा. रातोरात बायकापोरांसकट पसार झाला होता मेला. निमत दारात बसून दोन्ही हातांनी गाल बडवत होती. पुरुष भिंतीला टेकून उभे होते. रबाबला पाहून त्यांनी माना फिरवल्या.

रबाबला त्यांचं वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर तिला हायसंही वाटलं. आई वाचली होती. तसं वाटल्याबद्दल तिने मनातल्या मनात देवाची माफी मागितली आणि ती घराकडे पळत सुटली.

फौकिया खाटेवर बसली होती. लेक आली तरी उठली नाही.

"पाहिलं गं मी बाहेर," रबाब म्हणाली. "बिचारे! पण एवढं सगळं दाखवूनही यांनी पैसे दिलेच कसे?"

"मीही दिले."

"काय? कधी?"

"तुझं कार्टून लागलं ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी. सगळी आळीच गेली. टीव्हीवर आलेला माणूस, तोही माझ्या लेकीने काढलेला. किती माया करत होता त्या म्हातारीवर! हात धरून नफा देत होता. लोक म्हणाले, आता रबाबचीच ग्वाही आहे, आणखी काय हवं?"

"आणि पुढचं?" रबाब किंचाळली. "तो सगळ्यांचं घेऊन पळतो ते? म्हातारी ऊर बडवते ते?"

फौकियाने पहिल्यांदाच मान वर केली.

"पळतो कुठे? तेवढ्यात आपली अजान झाली, तशी टीव्ही बंद करून आम्ही रोजा सोडला. आपल्याकडे सूर्य कैरोच्या आधी मावळतो, विसरलीस होय गं?"