पेटी दुसऱ्या मशीनकडे आहे

दिपमालाच्या वडिलांच्या, चोपडा गावातल्या फोटो स्टुडिओत दोन कॉम्प्युटर एकाच डिस्कच्या पेटीला जोडलेले. पेटी एका वेळी एकानेच उघडायची; दोघांनी एकदम उघडली की आतले फोटो कायमचे मातीमोल! पण काउंटरवरचा कॉम्प्युटर भलताच नाटकी. दर वेळी चालू होताना स्वतःचा ओळखनंबरच बदलायचा. मग त्याच्याच जुन्या नंबराला पेटी दुसरं मशीन समजायची अन् त्याला अडवायची, 'पेटी दुसऱ्या मशीनकडे आहे. तरीही उघडायची?'

"दादा, याला एकच नंबर कायमचा देऊन टाकू ना! दहा मिनिटांचं काम आहे," दिपमाला दोन महिने मागे लागली होती.

"लग्नसराई सरू दे गं. तोवर 'हो' दाब अन् चल पुढे," थोरल्या भावाचं, नीलेशदादाचं, ठरलेलं उत्तर.

आज सुनंदाबाई आल्या. पोरीचं लग्न लागून पंधरा दिवस होत नाहीत तोच त्यांचे यजमान गेले होते. उद्या गंधमुक्तीचा, सुतक फिटण्याचा विधी.

"त्यासना फेटाना फोटो दे वं, बेटा. घरमा दुसरा एक बी नही शे."

"लग्नातला, फेट्यातला ना? आत्ता देते, काकू!" दिपमालाने झटक्यात कॉम्प्युटर चालू केला. पेटीने नेहमीसारखं अडवलं. तिनेही नेहमीसारखं, न वाचताच, 'हो' दाबलं.

तेवढ्यात आतल्या खोलीतून नीलेशदादाने हाक दिली, "दिपे, काकूंना बसव. काकांचाच फोटो इकडच्या कॉम्प्युटरवर मोठा करतोय. पेटी माझ्याकडे उघडी आहे, तू उघडू नको हं!"