तुटक बाण

दर रविवारी ते संगणकी घर, कोणाचं कोणावर काय अवलंबून आहे याचा आराखडा स्वतःच भिंतीवर काढायचं, सॉफ्टवेअरवाल्यांच्या खुणांमध्ये. प्रत्येकाची एक चौकट. जो देतो त्याला पूर्ण गोल, ज्याला हवं असतं त्याला अर्धगोल. अर्धगोलात गोल बसला की जमलं.

शाल्मली बघतच राहिली. रेवूच्या चौकटीवरचा 'झोप' लिहिलेला अर्धगोल दाईयंत्राच्या गोलाला बिलगला होता. आईच्या नव्हे.

"सहा महिन्यांची पोर, आणि हिला झोपवायला यंत्र लागतं! हर्षल, उद्याच्या उद्या ही दाई परत पाठव."

"अगं, पण तू ऑफिसला गेल्यावर..."

"आणि हा तुटक बाण बघ. दाईकडून माझ्याकडे! म्हणजे आता ती मलाही सांभाळते की काय?"

दिवसभर असल्याच आकृत्या काढणाऱ्या हर्षलला हसू आलं. "उलटा वाचतेयस, बाई. ज्याचं अडतं त्याच्यापासून बाण निघतो, आणि ज्याच्यावाचून अडतं त्याच्याकडे जातो. दाईचं तुझ्यावाचून अडतं. ऐक."

त्यानं बाणावर बोट टेकवलं. दाईच्या पोटातून आवाज आला. पोळ्या लाटताना शाल्मली गुणगुणते ती बिनशब्दांची चाल, मधल्या तिच्या शिंकेसकट.

पाळण्यात रेवूचे डोळे मिटायला लागले.

शाल्मलीनं झटकन दाई बंद केली. "माझी चाल आहे ती," असं पुटपुटत तिनं रेवूला उचललं आणि स्वतः गुणगुणू लागली. शिंकेची जागा आली, गेली. रेवूनं डोळे टक्क उघडले आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

शाल्मली खोटंखोटं शिंकली.