बेडकीची मालकीण

“ही पोर आजपासून तुझी नाही. मी विकत घेतली,” सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी रम्फाच्या तळहातावर एक नाणं ठेवलं.

रम्फानं नाण्यावरून नजर उचलून बाळाकडे पाहिलं. दवाखान्यातल्या काचेच्या पेटीत तिची मुलगी झोपली होती. जेमतेम वीतभर जीव, तोंडात नळी. सातव्या महिन्यातच बाहेर आलेली. आज चौथा दिवस, आणि आजच ती नळी काढायची होती. मग तिनं आपला आपण श्वास घेतला तर ठीक. नाही घेतला तर पुढे काय, ते डॉक्टरीणबाईही सांगत नव्हत्या.

पोर विकायची रीत रम्फाला ठाऊक नव्हती असं नाही. तीन दिवस पोर भुतांची, चौथ्या दिवसापासून माणसांची, हे थायलंडातल्या या महाचाई बंदरातलं शेंबडं पोरही सांगेल. चौथ्या दिवशी बाळाला सुपात घालून हलवायचं, “कुणाचं आहे हे, घेऊन जा!” म्हणून ओरडायचं, आणि एखाद्या लेकुरवाळीनं नाणं देऊन ते घ्यायचं. आईलाच नको झालेलं पोर भुतं तरी कशाला नेतील? पण ते सगळं घटकाभराचं नाटक. नंतर ज्याचं पोर त्याच्या घरी.

आणि घ्यायला शेजारची सायबुआ होती की. पाच पोरं, पाचही धडधाकट. ती सकाळीच नाणं घेऊन आली होती. तिला सासूबाईंनी वॉर्डच्या दारातूनच परत पाठवलं. वर नर्सला बजावलं, काही विचारायचं तर मला विचारा, पोर माझी आहे. रम्फाच्या तोंडून चुकून ‘माझी सोनी’ निघालं तर डोळे वटारले.

“सोनी कसली? बेडकी आहे बेडकी. आणि तुझी नाही, सांगितलं ना!”

रम्फाच्या डोक्याचा भुगा झाला होता. मुळात हे झालं कशानं, तेच तिला कळत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी कारणं सांगितली, पण ती कशी? लघवीची जळजळ अंगावर काढली, तेही असेल. दिवसभर उभं राहून कोळंबी सोलली, तेही असेल. मोठा धोका म्हणजे पहिलं बाळंतपणही अवेळीच झालं होतं. “पण नक्की अमुकच, असं नाही गं सांगता येत.” तो पहिला मुलगा एका दिवसात गेला. तेव्हा सासूबाई एका शब्दानं बोलल्या नव्हत्या. आता बोलत होत्या. दोनदा नासवलंस, आता पोर तुझ्या हाती देणार नाही, हाच याचा अर्थ, की दुसरा काही? थावॉर्नला विचारलं तर तो म्हणाला, “आई म्हणते तसं होऊ दे ना.” असा नवरा. म्हशीला विचारलं असतं तर तिनं शिंगं तरी हलवली असती.

मधेच नळी काढायला नेलेल्या बाळाला घेऊन नर्स परत आली. “नळी काढली. आता हिला आईच्या छातीशी बांधायचं, उघड्या अंगाला अंग लावून. ऊब मिळाली की श्वास नीट चालतो. चला, आई कोण?”

“मी,” सासूबाई म्हणाल्या.

नर्सला हसू आलं आणि रम्फाला रडू फुटलं. “आई, मी वाईट. अगदी कबूल. पण मला दूध येतंय हो. ते कुठे सांडू?”

“सांडतेस कशाला? तूच धर, तूच पाज.” सासूबाईंनी स्वतः तिच्या गुंड्या सोडल्या. नर्सनं पोर छातीवर ठेवली, तसं सासूबाईंनी वरून फडकं गुंडाळलं. बेडकीची इवलीशी पाठ वर झाली, खाली गेली. मग थांबली. तिघीही थांबल्या. पुन्हा वर झाली.

“मग विकत कशाला घेतलीत?” रम्फानं डोळे पुसत विचारलं. “सायबुआ घेत होती ना?”

“तिला पाच पोरं आहेत.” सासूबाई गाठ घट्ट करत म्हणाल्या. “न्यायला येणारा मालकाच्या दारात येतो. आला तर आता माझ्याकडे येईल. आणि रिकाम्या हातानं जायचं नसेल, तर मी आहेच की म्हातारी.”