गार न होणारा नळ

“उठा ना आजी, मले नळाले हात लावून पाहू द्या,” चंद्रशेखर ठेकेदार म्हणाला.

“थांब बापू. पहिले जनकाले उठू दे,” गोजरबाई म्हणाली.

सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात, भिंतीले धरून, वाफेचा जुना नळ गेला होता. त्याले टेकून उंद्री गावच्या म्हाताऱ्या डोळे मिटून बसेल होत्या, जशा पाण्यात म्हशी. ह्या नळाच्या उबेनं गुडघे मोकळे होतात, असं त्यांचं म्हणणं. वर छताखालचे नळ दिवसभर फुसफुस करत. हा मात्र मुका.

“थोरला हाये तो,” गोजरबाई सांगे. “उगाच बोलत नाई.”

जनकाबाई काठी टेकत उठली. चंद्रशेखरनं हात लावला. नळ कोमट.

“काल मीच वाफेची चावी बंद केली ना बे!” तो फिटरवर खेकसला. फिटर लांबूनच मान हलवत होता. वाफ असलेला नळ कापला तं माणूस उकडून निघते. नवे नळ आंगणात उन्हात पडून होते, अन् हा काही गार होईना.

“तो कोणाच्या बापाचं ऐकत नाई,” गोजरबाई म्हणाली. “माह्या सासूच्या वख्ती नदीले पूर आला. पाणी व्हरांड्यात शिरलं, याले लागलं, अन् सारं ढग होऊन गेलं. दवाखाना त्या ढगावर बसला अन् अजिंठ्याच्या डोंगरापोतर जाऊन आला.”

“अन् पेशंट?”

“त्याइले काय! पडल्या पडल्या मुलूख पाहाले भेटला, तोही फुकट.”

दुसऱ्या दिवशी त्यानं चावी आणखी आवळली. सकाळी गोजरबाई उंद्रीच्या जीपीतून सगळ्यात आधी उतरली, पुढं पळाली, अन् गोधडी पांघरून नळाले बिलगून बसली. “निजेल असते, उठवा लागते त्याले,” म्हणे. मंग तिनं जनकाबाईले हाक मारली. चंद्रशेखर आला तवा नळ पुन्हा कोमट.

“नवा नळ वरतून जाईन आजी,” तो म्हणाला. “त्याले जाड पट्टा गुंडाळेल राह्यते. ऊब बाहीर येत नाई.”

गोजरबाईचं हसू गेलं. तिनं आवाज उतरवला.

“जनकाचा मालक गेला अन् हे खाटेले लागली. बोले ना, जेवे ना. पोरं म्हणत, आता काही उठत नाई. म्या ओढत आणलं, इथं टेकवलं, तवा चालाले लागली. नळ गेला तं कशासाठी उठन थे?”

 दुपारी चंद्रशेखरही दोघी म्हाताऱ्यांच्या मधात टेकला. पाठीले ऊब लागली, डोळा लागला. दवाखाना अलगद जमीन सोडून वर निघाला. दोरीवरच्या चादरी पंखासारख्या हालत होत्या. खाली ज्वारीचे वावरं बारीक बारीक होत गेले, अन् जनकाबाई काठी टाकून ढगावरून चालत होती.

जागा झाला तं तिचं डोकं त्याच्या खांद्यावर होतं.

मंग बाजाराचा दिवस आला. उंद्रीची जीप भरता भरता उशीर झाला. व्हरांडा रिकामा. चंद्रशेखरनं नळाले हात लावला.

थंडागार.

“चावी बसली वाटते एकदाची,” तो म्हणाला. जिवाले बरं नाई वाटलं, पण वर ऑपरेशनच्या खोलीले नवी वाफ पाहिजे होती. “काप.”

करवत चालली. फिटरनं तुकडा ओढला, तं मुळा उपटावा तसा नळ भिंतीतून सरकत बाहीर आला. दुसरं टोक कशालेच जोडेल नव्हतं. कोण्या जमान्यात कोणीतरी कापला होता, वरून चुना फासला होता. आत कुंभारमाशीनं मातीचं घर केलं होतं, अन् तेही वाळून जुनं झालं होतं.

चंद्रशेखरनं भिंतीकडं पाह्यलं, जिथं रोज म्हाताऱ्यांच्या पाठी टेकत.

“आजी,” गोजरबाई धापा टाकत आली तसा तो म्हणाला, “यात तं वाफच...”

तिनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. मांगून काठीचा आवाज येऊन राह्यला होता.

“हळू बोल बे,” गोजरबाई कुजबुजली. “नवा लाव, याच जागी, याच उंचीवर. पण त्यात वाफ नको सोडू बाप्पा, भाजन माही जनका.”