काळ्या काचांची गाडी

दोन वर्षं नायिकेची झोप उडवणारा तो माथेफिरू अखेर सापडला. युक्ती नेहमीचीच होती. हॉटेलातून निघताना तिची डुप्लिकेट तिच्यासारखीच शाल आणि गॉगल घालून पुढच्या दारी गाडीत बसायची, आणि नायिका स्वयंपाकघरातून सटकायची. आज तो त्या गाडीवर झेपावला आणि पोलिसांनी त्याला अलगद उचललं.

स्टुडिओत नुसता जल्लोष! अंगरक्षकाला तर आभाळ ठेंगणं झालं होतं.

"खरी शाबासकी डुप्लिकेटची," नायिका हसत म्हणाली.

तेवढ्यात धाकटी बहीण फोन ठेवून आली. "ताई, ती तर सकाळपासून तापाने फणफणलीय. आज घराबाहेरच पडली नाही."

"अहो, मग मी आणलं कुणाला?" ड्रायव्हर चाचरला. "मागे बसल्यात अजून."

फाटकाशी गाडीचं दार उघडलं. शाल सावरत कुणीतरी उतरलं आणि मनगट किंचित वळवून हात हलवला, अगदी नायिकेसारखा. गर्दीने तिच्या नावाचा एकच गजर केला. "ताई!" म्हणत बहीण तिकडे धावली.

नायिकाही पुढे झाली. अंगरक्षकाने तिच्यासमोर हात आडवा धरला.

"ओ बाई, मागे सरका," तो म्हणाला. "मॅडमना वाट द्या."